बोदवडची लाईन

जी.आय.पी. रेल्वे भुसावळ, बोदवड, मलकापूर, अकोला असे टप्पे घेत १८६७ साली नागपूरला पोचली. त्या रुळांना या पट्ट्यात लाईनच म्हणतात: गुरं लाइनीवर गेली, शेत लाइनीपलीकडे आहे. दीडशे वर्षांत या शब्दाला बरेच अर्थ फुटले. पोलिसांची वसाहत म्हणजे पोलीस लाईन, नळाचा मुख्य पाईप म्हणजे पाण्याची लाईन, मुलाचा पेशा विचारायचा तर ‘तो कोणत्या लाइनीला आहे?’ राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, खांब गावोगाव गेले आणि वीजपुरवठाही लाईन झाला. ‘या आठवड्यात रात्रीची लाईन आहे’ एवढं म्हटलं की पिकाला पाणी कधी द्यायचं ते कळतं.

भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे विचारतील, वीज, ओळ, रांग हे शब्द असताना उसनवारी कशाला? रांगेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. रेशनच्या दुकानापुढे रांग म्हटल्याने काही अडत नाही. बाकी ठिकाणी मात्र बोलणाऱ्यांनी नीट निवड केलेली दिसते. वीज पडते, लाईन जाते. पहिली आभाळातली, दुसरी तारेतली. एकाच शब्दावर दोन्हींचा भार टाकायचं बोलीने नाकारलं. तिफणीने पेरताना पडतात ती तासं, वहीत असते ती ओळ. तिथे लाइनीला शिरकाव मिळाला नाही. कंपनीने किंवा सरकारने बाहेरून आणून टाकलेल्या वस्तूला बाहेरचं नाव, आपल्या हातच्या कामाला आपलं, असा हा हिशेब दिसतो. ठिबक आलं तेव्हाही पाणी आणणारा जाड पाईप मेन लाईन झाला, पण पिकाच्या बुडाशी पसरायच्या त्या नळ्याच राहिल्या.

अशाने मराठीचं व्याकरण ढिलं होतं, हा दुसरा आक्षेप. घडलं ते उलट. इंग्रजीत लिंग नसलेला हा शब्द मराठीने स्त्रीलिंगी केला, त्याचं अनेकवचन लाइनी केलं, त्याला विभक्तीचे प्रत्यय लावले. व्याकरण आपलं, उच्चार आपला, अर्थही बरेचसे इथेच घडलेले. अशा शब्दाला परका म्हणणं मला पटत नाही.

ऑनलाईन मात्र अजून पुरता मुरलेला नाही. सातबारा संगणकावर गेला, २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, आणि ‘ऑनलाईन केलं का?’ म्हणजे अर्ज भरला का, असा अर्थ रूढ झाला. त्याला अनेकवचन मिळालेलं नाही.