मसाल्याच्या डब्यातली कोथिंबीर

कोथिंबिरीला आपल्याकडे सहसा भाजी म्हणत नाहीत. ती भाजीवर घालायची असते. पोह्यांवर, आमटीवर, मिसळीवर अगदी शेवटी चिमूटभर पडते आणि ताटाचा रंग बदलून टाकते. आमच्या घरी खिचड्याच्या वाडग्यावर किंवा दालच्यात ती नसेल तर वाढणारीलाच चुकल्यासारखं वाटतं. रोज लागते, पण थोडी लागते. म्हणूनच ती घरी लावण्याजोगी आहे. कुंडीत ज्वारी पेरून घर चालत नाही. दोन-तीन कुंड्यांतल्या कोथिंबिरीवर मात्र रोजची फोडणी साजरी होते.

आमच्या घरातल्या दखनी बोलीत हिला कोतमीर म्हणतात. मराठीत कोथिंबीर, कानडीत कोत्तंबरी, तेलुगूत कोत्तिमीर. ही सगळी एकाच घराण्यातली नावं. संस्कृतात कुस्तुंबरी आहे आणि धान्यकही आहे. त्या धान्यकापासून आपले धणे आले. पानाला एक नाव आणि बियांना दुसरं, यामुळे एक गंमत होते. मसाल्याच्या डब्यातले धणे आणि दारावर येणारी हिरवी जुडी हे एकच झाड आहे, हे माहीत असूनही पटकन ध्यानात येत नाही. बियाणं शोधायला लोक दुकानात जातात आणि ते फडताळात आधीच बसलेलं असतं.

‘धणे पेरले, पण उगवलेच नाहीत,’ ही तक्रार मला जितकी ऐकायला मिळते तितकी कवितेबद्दलचीही मिळत नाही. तिचं कारण धण्याच्या रचनेत आहे. आपण ज्याला बी म्हणतो तो गोल धणा म्हणजे खरं तर एक सुकलेलं फळ. त्याच्या आत दोन बिया एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या असतात आणि वर टणक कवच असतं. अख्खा धणा पेरला की पाणी आत शिरायला वेळ लागतो, उगवण मागेपुढे होते. म्हणून शेतकरी पेरणीआधी धणे रगडून त्यांची दोन दोन शकलं करतात. घरी फडक्यावर धणे पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवलं तरी काम होतं. फोडायचं आहे, कुटायचं नाही. पूड झाली तर ती आमटीत टाकावी.

धणे निवडताना ते यंदाचे असावेत. रंग हिरवट पिवळा आणि चोळल्यावर वास यायला हवा. जुनाट, काळपट पडलेले किंवा भाजलेले धणे उगवत नाहीत. बियाण्याच्या दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या बियांना पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्यांचा रंग गुलाबी किंवा निळसर दिसतो. ते धणे पेरावेत, पण उरलेले चुकूनही स्वयंपाकात जाऊ देऊ नयेत.

फोडलेले धणे रात्रभर पाण्यात भिजवायचे आणि सकाळी निथळून सावलीत कोरडे करायचे. कुंडी फार खोल नको, वीतभर पुरे. पसरट असली तर उत्तम. बुडाशी भोकं हवीतच. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू कालवून घ्यावी. बारा इंची कुंडीला अर्धा चमचा धणे पुरतात. बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल रेघा ओढून त्यांत ते टाकावेत, वर माती सारावी आणि झारीने पाणी द्यावं. उगवेपर्यंत कुंडीवर ओलं गोणपाट टाकलं तर माती सुकत नाही. कोंब दिसले की मात्र गोणपाट लगेच काढायचं. रोपं दुसरीकडे तयार करून इथे आणून लावू नयेत. कोथिंबिरीचं सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला हलवलेलं सोसत नाही.

यानंतर वाट पाहणं आलं. मेथी तीन-चार दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते, कधी पंधरवडाही. पाचव्या दिवशी कंटाळून माती उकरणाऱ्यांची संख्या कमी नाही. शिवाय पहिली दोन पानं कोथिंबिरीसारखी दिसतच नाहीत. ती लांबट, अरुंद, गवतासारखी असतात. तण समजून ती उपटली जातात. ओळखीचं, कातरलेलं पान त्यानंतर येतं. पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांनी काढणी करता येते. बाजारात जुडी मुळासकट येते, कारण ती तशी टिकते. घरी उपटायची गरज नाही. बाहेरच्या काड्या कात्रीने कापाव्यात, मधला कोंब राखावा. तेच झाड पुन्हा फुटतं. दर पंधरा-वीस दिवसांनी नवी कुंडी पेरत गेलं की खंड पडत नाही.

पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ हिला मानवतो. थंडीत ढगाळ हवा पडली तर पानांवर भुरी येते, मावाही धरतो. दाट पेरणी टाळणं आणि पाणी सकाळी मुळाशी देणं हे पहिले उपाय. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारावा. उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी लागते. ऊन वाढलं आणि दिवस मोठा झाला की झाड घाई करतं. मधूनच दांडा उंच चढतो, पानं शेपूसारखी बारीक होतात आणि फुलं येतात. हंगाम संपत आल्याची त्याला कळलेली ती खबर असते. पानं सोडून ते बियांच्या मागे लागतं.

अशी कुंडी लोक रिकामी करतात. मी करू देत नाही. पांढऱ्या, किंचित गुलाबी फुलांच्या त्या छोट्या छत्र्यांवर मधमाश्या येतात. शेपू, जिरे, बडीशेप, ओवा, गाजर हे सगळे याच छत्रीवाल्या कुळातले. मग हिरवे धणे धरतात. त्यांची चटणी करून पाहावी. हिरव्या झाडाचा उग्र वास काहींना ढेकणासारखा वाटतो, काहींना साबणासारखा. साबणासारख्या चवीचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी असल्याचं २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं. तेव्हा घरात कोणी कोथिंबीर बाजूला काढत असेल तर त्याला नखरे म्हणू नये. तोच धणा वाळला की उग्रपणा जातो आणि गोडसर सुवास उरतो. ते धणे सावलीत सुकवून ठेवले की पुढच्या पेरणीची सोय झाली. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातही धणे निघाले होते. पुढच्या मुक्कामासाठी धणे बांधून देण्याची माणसाची ही सवय जुनी आहे.

आता बाजाराविषयी. कोथिंबीर मंडईत शेकड्याच्या भावाने जाते, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव. हवा चांगली असली की सगळ्यांचं पीक एकदमच तयार होतं. माल साठवता येत नाही, दोन दिवसांत पिवळा पडतो. भाव इतका कोसळतो की काढणीची मजुरी सुटत नाही. जोराचा पाऊस झाला की उभं पीक सडतं आणि हाती काही उरलेल्यालाच भाव मिळतो. आपल्याला कधी पाच रुपयांना आणि कधी पन्नासला मिळणाऱ्या जुडीमागे हे चाळीस दिवस असतात. कोणाचे तरी रगडलेले धणे, उकरून न पाहता काढलेले आठ-दहा दिवस, कोणाची तरी पहाटेची काढणी.

आणि आपण पाव किलो वांगी घेऊन झाल्यावर पिशवी पुढे करून म्हणतो, ‘मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका.’ मावशी टाकतातही. घरच्या कुंड्यांनी माझं सगळं भागत नाही. पाहुणे आले, घरात काही कार्य निघालं की मी जुडी विकत घेतोच. विकत घेतो, पण वरची मागत नाही. चमचाभर धणे पेरून चाळीस दिवस थांबलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघत नाही.