शमालनंतर आधी पाणी, मग फडका

आखाती देशांत जून-जुलैत वायव्येकडून शमाल वारा सुटतो आणि गाड्यांवर धुळीचा थर बसतो. या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मापावर क्वार्ट्झची कठीणता ७, काचेची साधारण ५.५. रंगावरचा क्लिअर कोट तर त्याहून कितीतरी मऊ आणि जेमतेम ४०-५० मायक्रॉन जाडीचा. म्हणूनच कोरडा फडका मारणं सगळ्यात घातक. उन्हात तिरकं पाहिल्यावर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे चरे दिसतात, ते बहुधा वादळाचे नसतात, पुसणाऱ्या हाताचे असतात.

आधी वरून खाली भरपूर पाणी सोडा, मग शाम्पू, मग स्वच्छ मायक्रोफायबर. वायपर कोरड्या काचेवर चालवूच नका. पातं उचलून रबराची कड ओल्या कापडाने पुसा, कापडावर करडी रेघ उमटेल. तीच वाळू काच ओरखडते. धुळकट गाडीवर कव्हरही घालू नये, वाऱ्याने ते घासत राहतं.

वॅक्समुळे धूळ सहज सुटते, पण आदळणारी वाळू त्याने अडत नाही. त्यासाठी बंपर-बॉनेटवर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म हवी. वादळात निघावंच लागलं तर गाडी हळू चालवा: वेग दुप्पट झाला की कणाचा मार चौपट होतो.