श्वानाच्या रक्ताची साक्ष

घरांत पाळलेला कुत्रा एके दिवशीं अन्नाला तोंड लावीत नाहीं, कोपऱ्यांत पडून राहतो, त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसूं लागतात आणि लघवीचा रंग गडद होतो. आठवड्यापूर्वीं त्याच्या कानामागें गोचीड सांपडलेली असते. पशुवैद्य रक्त तपासावयास सांगतात, आणि एकाच रोगासाठीं तीनचार निरनिराळ्या परीक्षा निरनिराळ्या किंमतींना उपलब्ध आहेत असें कळतें. जी महाग तीच उत्तम, असा समज करून घेणें सोपें आहे. तो सर्वस्वीं खरा मात्र नाहीं.

या लक्षणांमागें पुष्कळदां बाबेसिया नांवाचा परोपजीवी असतो. हा एकपेशीय जीव गोचिडीच्या दंशावाटे शरीरांत शिरतो आणि रक्तांतील तांबड्या पेशींत वाढून त्या फोडतो. रूमानियांतील शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांनीं १८८८ सालीं तो प्रथम गुरांच्या रक्तांत पाहिला. त्यांचेंच नांव पुढें त्या वंशाला मिळालें. कुत्र्यांना पीडणाऱ्या एका जातीचा शोध तर भारतांतच लागला. मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत, व नंतर कोल्ह्याच्याही रक्तांत, ती आढळल्याचें पॅटन यांनीं १९१० सालीं नमूद केलें. तीच बाबेसिया गिब्सोनी. दुसरी जात बाबेसिया वोगेली. ती आकारानें मोठी. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. वोगेलीवर इमिडोकार्ब नांवाचें औषध गुण देतें. गिब्सोनी त्याला सहसा दाद देत नाहीं, तिच्यासाठीं अटोव्हाक्वोन व अ‍ॅझिथ्रोमायसिन हीं दोन औषधें जोडीनें द्यावीं लागतात. जात चुकली कीं औषध चुकलें.

सर्वांत जुनी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. कांचेवर रक्ताचा पातळ थर पसरून, तो रंगवून पाहावयाचा. कुत्र्याची तांबडी पेशी सुमारें ७ मायक्रॉन रुंद असते. गिब्सोनीचें कडें त्यांत १ ते ३ मायक्रॉनांचें दिसतें, तर वोगेली पेरूसारख्या आकाराची व बहुधा जोडीनें बसलेली असते. तीव्र ज्वरांत ही स्वस्त परीक्षा घटकाभरांत उत्तर देते, व तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु रोग जुना झाला म्हणजे लाखो पेशींत एखादाच परोपजीवी उरतो आणि पाहणाऱ्याचा डोळा थकतो.

येथें पीसीआर परीक्षा उपयोगी पडते. ही कल्पना अमेरिकेंतील कॅरी मलिस यांना १९८३ सालीं सुचली व १९९३ सालीं त्यांना तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तांतील डीएनए तापवून त्याचे दोन धागे अलग करावयाचे, थंड होतांना प्रायमर नांवाचे लहान तुकडे नेमक्या जागीं चिकटूं द्यावयाचे, आणि तेथून नवा धागा विणवून घ्यावयाचा. प्रत्येक फेरींत माल दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें नवल वाटणार नाहीं: ३० फेऱ्या बिनचूक झाल्यास एकाचे १०७ कोटींहून अधिक होतात.

तथापि पीसीआर ही एक परीक्षा नसून एक कुटुंब आहे. कांहीं प्रायमर बाबेसियाच्या साऱ्या जातींना समान असलेल्या जनुकाच्या भागावर बसतात. मग सांपडलेल्या डीएनएचा क्रम वाचून जात ठरवावी लागते. कांहीं एकाच जातीसाठीं घडविलेले असतात. केवळ गिब्सोनीची परीक्षा केली आणि रोग वोगेलीचा असला, तर ‘आढळला नाहीं’ हा शेरा अक्षरशः खरा असूनही घरच्यांची फसगत करतो. म्हणून कागदावर कोणत्या जातीची परीक्षा झाली हें पाहणें किंमत पाहण्याइतकेंच अगत्याचें आहे.

नेस्टेड पीसीआर एकाच नमुन्यावर दोनदां वाढ करते, त्यामुळें अत्यल्प अंशही उघड होतो. पण मध्यें नळी उघडावी लागते, आणि शेजारच्या नमुन्याचा कण उडाला तर निरोगी कुत्रा रोगी ठरतो. रिअल-टाइम पीसीआर बंद नळींतच चालते व परोपजीवींचें प्रमाणही सांगते; औषध लागू पडतें कीं नाहीं हें पाहण्यास ती सर्वांत सोयीची. जपानांत निघालेली लॅम्प पद्धति, जिचें वर्णन २००० सालीं प्रसिद्ध झालें, सुमारें ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या एकाच तापमानावर तासाभरांत काम करते. महागडें यंत्र नसलेल्या ठिकाणीं ती मोलाची, मात्र प्रायमर घडविणें किचकट.

एवढें सामर्थ्य असूनही नकारार्थी उत्तरानें निश्चिंत होऊं नये, आणि याचें कारण साधें अंकगणित आहे. समजा, एका मिलिलिटर रक्तांत अवघे ५० परोपजीवी उरले आहेत. प्रयोगशाळा त्यांतील २०० मायक्रोलिटर रक्त घेते. त्यांत आले १०. त्यांचा डीएनए १०० मायक्रोलिटर द्रवांत उतरवितात, आणि त्यांतले ५ मायक्रोलिटर नळींत पडतात. म्हणजे यंत्रापुढें उभा राहिला अर्धा परोपजीवी! जें नळींत आलेंच नाहीं तें कितीही दुप्पट केलें तरी शून्यच. रक्त हेपरिनच्या नळींत घेतलें असेल तर तें द्रव्यच वाढीला अडथळा करतें. ईडीटीएची नळी हवी. औषध सुरू होण्यापूर्वीं रक्त घेणें हेंही तितकेंच महत्त्वाचें.

गिब्सोनीवरील उपचारानंतर ६० व ९० दिवसांनीं अशा दोन परीक्षा कराव्या, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. दोन्ही वेळां कांहीं न आढळल्यास उपचार यशस्वी समजतात. दुसऱ्या कुत्र्यास रक्त देणाऱ्या कुत्र्याच्या बाबतींत तर दक्षता अधिकच हवी. कारण हा परोपजीवी दिलेल्या रक्तावाटे जातो, कुत्र्यांच्या झुंजींतील चाव्यांतून गिब्सोनी पसरते, आणि आईकडून ती पिलांतही उतरते. अंगावर एकही गोचीड नसलेल्या कुत्र्याची परीक्षा करावी लागते ती यामुळेंच.