नैराश्याचा रोगी आणि उपचारांची अनेक दारे

नैराश्याने ग्रासलेला मनुष्य "मला नैराश्य आले आहे" असे सांगत दवाखान्यात क्वचितच येतो. तो म्हणतो, पित्त फार वाढले आहे, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अंगात त्राण उरलेले नाही. घरची मंडळी म्हणतात, ह्याचे कशातच मन लागत नाही, कोणाची तरी दृष्ट लागली असावी. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अंगावरून पांढरे जाते अशी तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा ह्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या खिन्नतेशी आणि घरच्या जाचाशी अधिक असल्याचे दिसून आले. मराठीत खिन्नतेला शब्दांचा तोटा नाही. उदासी, विषाद, मरगळ, जीव उडणे, मन खाणे, हवे तितके आहेत. पण हे शब्द घेऊन जावयाचे कोठे, हे माणसाला ठाऊक नसते. पित्त घेऊन मात्र कोठेही जाता येते.

आणि मनुष्य खरोखरच कोठेही जातो. आपल्या नाशिकचेच पाहा. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे. श्री. विश्वास मंडलिक यांनी उभी केलेली योग विद्या धाम ही संस्था इथलीच. जिल्ह्यातच इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र १९७६ पासून चालू आहे. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबलीसाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. होमिओपॅथीचे दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. उलट राज्य सरकारची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. नाशिकच्या वाट्याला त्यांपैकी एकही आले नाही. शहरात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण त्यांच्या पाटीखाली उभे राहण्यापूर्वी मनुष्य दोन्ही बाजूंना पाहून घेतो, कोणी ओळखीचे दिसत तर नाही ना म्हणून.

२०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगढ होते. नैराश्याच्या शंभर रोग्यांपैकी सुमारे पंच्याऐंशींना उपचार मिळत नाही, असे त्यात आढळले. आता हे पंच्याऐंशी जण घरी स्वस्थ बसून असतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती आम्हांस भाबडी वाटते. त्यांतले पुष्कळ जण ह्या ना त्या दारी जाऊन आलेले असतात.

हा केवळ आपल्या अज्ञानाचा परिणाम आहे असे समजून कोणी मान खाली घालावयास नको. अमेरिकेत १९९७-९८ साली झालेल्या एका पाहणीत, आपणांस तीव्र नैराश्य आहे असे सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी वर्षभरात कोणता ना कोणता पर्यायी उपचार केला होता. जे डॉक्टरांकडे जात होते, त्यांतही असे उपचार करणाऱ्यांचे प्रमाण कमी नव्हते, उलट अधिकच होते. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका पाहणीने सर्व प्रकारच्या रोग्यांना विचारले, की हे उपचार तुम्ही आपल्या डॉक्टरांच्या कानावर घातले काय? शंभरांत चाळिसांहून कमी उपचारांची वार्ता डॉक्टरांपर्यंत पोचली होती. आम्हांस आजच्या विषयात सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. दारे अनेक आहेत, हे संकट नव्हे. एका दारी काय झाले ते दुसऱ्या दारी कळत नाही, हे संकट.

पण आधी एका शंकेचा विचार केला पाहिजे. ज्याला विचारावे तो सांगतो, मला अमक्याने गुण आला. कोणाला काढ्याने, कोणाला गोळ्यांनी, कोणाला अंगाऱ्याने. ही सगळी माणसे खोटे बोलतात काय? मुळीच नाही. नैराश्याच्या रोगाचा स्वभावच असा आहे, की त्याला भरती-ओहोटी असते. पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांनी तो आपोआप ओसरतो, आणि पुढे पुन्हा उलटण्याची भीती मात्र राहते. मनुष्य उपचाराला जातो तो अगदी तळ गाठल्यावर. तळापासून पुढची वाट बहुधा वरच जाते, मग मधे कोणीही भेटो. शिवाय नव्या औषधांच्या चाचण्यांत ज्यांना नुसती साखरेची गोळी दिली जाते, त्यांतीलही सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या किंवा अधिक रोग्यांना बरे वाटू लागते. कोणीतरी आपले ऐकून घेतले, नाव दिले, आठ दिवसांनी पुन्हा ये म्हणाले, एवढ्यानेही खिन्न माणसाला धीर येतो. डॉक्टरांच्या औषधाने आलेल्या गुणातही ह्या धीराचा वाटा असतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

ह्यात आणखी एक गंमत होते. आधुनिक औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडणे, मळमळणे हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. निफाडकडचा एखादा द्राक्षबागाईतदार गारपिटीनंतर खचला, मुलाने त्याला नाशकास आणून गोळ्या सुरू केल्या, आणि पंधरा दिवसांनी काहीच फरक नाही म्हणून घरच्यांनी कोणा जाणत्याकडे नेले, असे समजा. तिसऱ्या आठवड्यात तो जेवू लागतो. श्रेय कोणाला? शेवटच्या दाराला. मग गोळ्या एकदम बंद होतात, आणि दोन महिन्यांनी दुखणे उलटते.

तेव्हा अमक्याला गुण आला, ह्या साक्षीने निर्णय होत नाही. सारख्या रोग्यांचे गट पाडून तुलना करावी लागते. तशी तुलना योगाच्या बाबतीत आपल्या देशात झाली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तीव्र नैराश्याचे ४५ रोगी पंधरा-पंधराच्या तीन गटांत वाटले गेले. एका गटास विजेचे उपचार, एकास इमिप्रामिन हे औषध, आणि तिसऱ्यास सुदर्शन क्रिया ही श्वसनपद्धती. चार आठवड्यांनी रोगमुक्त झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के होते. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पंधरा रोगी म्हणजे फार थोडे, तेही रुग्णालयात देखरेखीखाली असलेले. म्हणून योगाने औषधाची जागा घेतली, असे ह्यावरून म्हणता येत नाही. पण योग ही निव्वळ समजूत आहे असेही आता कोणी म्हणू नये. चालणे, पोहणे, सूर्यनमस्कार यांसारख्या नियमित व्यायामानेही सौम्य व मध्यम नैराश्यात लाभ होतो, याला पुष्कळ पुरावा जमला आहे. अडचण एवढीच, की ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला पहाटे फिरावयास जा म्हणणे सोपे असते.

ध्यानाचे थोडे निराळे आहे. पाश्चात्त्य देशांत सजगतेच्या अभ्यासाला मानसोपचाराची जोड देऊन एक पद्धत तयार झाली. ज्यांना नैराश्याचे तीन वा अधिक झटके येऊन गेले आहेत, त्यांना पुन्हा झटका येण्याचे प्रमाण तिने कमी होते, असे २००० सालापासूनच्या चाचण्यांत दिसले. ध्यानात घ्या, हा लाभ झटका ओसरलेल्या माणसाचा आहे. ऐन दुखण्यात दहा दिवस मौन पाळून आपल्याच विचारांसमोर बसणे काहींना झेपत नाही. विपश्यना केंद्रांची नियमावली ह्याबाबत सरळ आहे. ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही, असे तीत नमूद आहे. प्रवेशअर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेलेही असते. पण लवकर जागा मिळावी म्हणून लोक त्या रकान्यात खरे लिहीत नाहीत, आणि येथेही पुन्हा तोच मुकेपणा आडवा येतो.

आता वनौषधींकडे वळू. आयुर्वेदाने मनाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणण्याची सोय नाही. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, आणि चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. ह्यांतील सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. आजच्या समुपदेशनाचे बीज त्यात पाहणारे विद्वान आहेत. परंतु वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही जी बाजारातील समजूत आहे तिला आयुर्वेदाचाही आधार नाही. सर्पगंधेची हकिकत ऐका.

सर्पगंधेचे मूळ उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या वेड्याचे औषध म्हणून दिले जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख इंग्लंडमधील नियतकालिकात छापून आला, आणि जगाचे लक्ष ह्या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. वर्षा-दोन वर्षांत ते अमेरिकेतील मनोरुग्णालयांत पोचले आणि खवळलेले रोगी त्याने शांत होऊ लागले. येथपर्यंत ही आपल्या अभिमानाची कथा आहे. पुढे असे दिसू लागले, की रक्तदाबासाठी हेच औषध घेणारे काही लोक खोल खिन्नतेत बुडतात. त्याचा दोष किती त्या औषधाकडे, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. तरी नैराश्याच्या रोग्यास रेसर्पिन देऊ नये, हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात कायम राहिला. मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये ह्या औषधाने घटतात असे आढळले, आणि नैराश्यावरच्या आजच्या औषधांमागील विचाराला त्यातूनच एक धागा मिळाला. मनाच्या एका विकारावरचे औषध दुसऱ्या विकारात घातक ठरू शकते ते असे. "झोपेसाठी मुळीच तर आहे" असे म्हणून कोणी ती खिन्न माणसाला उगाळून देऊ लागला, तर त्याला कोणीतरी थांबवावयास हवे.

युरोपात नैराश्यावर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती चालते. २००८ साली २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ती साखरेच्या गोळीहून सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. म्हणजे वनस्पतीत गुण नसतो असेही नाही. पण गुण असतो तेथे उपद्रवही असतो. हीच वनस्पती संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि मूत्रपिंडरोपणानंतरची औषधे यांचा परिणाम कमी करते, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन वाढून प्रकृती धोक्यात येते. भस्मे व रसौषधी यांच्या बाबतीतही सावध असावे. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. जाणता वैद्य शोधन-मारणाची खात्री देईल. टपालाने आलेली पुडी देणार नाही. होमिओपॅथीविषयी थोडक्यात एवढेच, की नैराश्यावर तिचा गुण सिद्ध करणारा भरवशाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तिच्या गोळ्यांनी अपाय होतो तो बहुधा वाया गेलेल्या दिवसांचा.

देवाधर्माच्या उपचारांची थट्टा करण्यात आम्हांस रस नाही. नैराश्याच्या रोग्याला अपराधाची भावना पोखरत असते. तीन दिवसांच्या विधीत सगळे कुटुंब त्याच्याभोवती जमते, दोष पूर्वजांचा आहे असे कोणी अधिकारवाणीने सांगते, आणि छातीवरचे ओझे काही काळ हलके होते. पण दुसऱ्या एखाद्याला तोच निदानाचा शब्द आणखी खोल रुततो, की माझ्यामुळे घराला दोष लागला, माझ्यापायी कर्ज झाले. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. ते दर्ग्याच्या आसऱ्याला आणलेले होते. ह्याच्या उलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुवा' हा उपक्रम चालला. मुजावर दुवा देतात आणि रोग्याला तेथेच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवितात. श्रद्धेला कोणी हात लावला नाही. दोन दारांमध्ये फक्त एक वाट पाडली.

नाशिकला अशी वाट पाडणे कठीण का असावे? १९९८ साली येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपॅथी, आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी ह्या चारही शाखांची महाविद्यालये आहेत. पदवी एकाच विद्यापीठाची. वैद्याने रोग्याला "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असे विचारावे, आणि डॉक्टरांनी "काढा, चूर्ण, विधी काही चालू आहे काय?" असे कपाळाला आठी न घालता विचारावे. आठी दिसली की रोगी गप्प होतो. दोघांनीही प्रथम रक्त तपासून घ्यावे, कारण थायरॉइडची मंदता आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही दोन्ही दुखणी नैराश्याचे सोंग हुबेहूब घेतात, आणि दुसरे तर शाकाहारी घरांत वारंवार सापडते.

घरच्या मंडळींनी दवाखान्यात जाताना घरातील सर्व बाटल्या, पुड्या, डब्या एका पिशवीत घालून न्याव्यात आणि टेबलावर ओताव्यात. चालू गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. रोग्याने जेवण टाकले, निरवानिरवीची भाषा सुरू केली, आपण नसलो तर बरे असे तो म्हणू लागला, तर ते दिवस मुहूर्त पाहण्याचे नव्हेत. त्याला स्पष्ट विचारावे, की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय? विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही तो लागतो, आणि पलीकडून मराठीत बोलतात.