तटाआडची डागडुजी

आर्थर रोड आणि ठाण्याच्या तुरुंगांवरचा भार हलका व्हावा म्हणून बांधलेलं तळोजा मध्यवर्ती कारागृह २००८ साली सुरू झालं. जागा पनवेल तालुक्यातली, खारघरच्या मागच्या अंगाला. क्षमता २,१२४ बंद्यांची. आर्थर रोडची क्षमता त्या काळी ८०४ आणि आत माणसं कैकदा तिप्पट-चौपट, तेव्हा तळोज्याची गरज कुणाला पटवून द्यायला नको होती.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. शत्रूला बाहेर ठेवणारा तट कैद्याला आतही ठेवतो, एवढाच हिशेब. बराकीत वारा खेळेल का, याचा विचार किल्ला बांधणाऱ्यानं कशाला करावा? येरवडा (१८७१) मात्र तुरुंग म्हणूनच उभा राहिला. अंदमानचं सेल्युलर जेल (१८९६ ते १९०६) तर निव्वळ पहाऱ्याची भूमिती: मधोमध मनोरा, त्याला फुटलेल्या सात शाखा, आणि एकीतल्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ. क्रूर, पण डोकेबाज. आजच्या अंडाकृती, अतिसुरक्षित ‘अंडा सेल’मागेही एकटं पाडण्याचाच विचार आहे.

पनवेलकरांना या विषयातला जुना धडा शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांनी देऊन ठेवलाय. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते एडनच्या तुरुंगातून निसटले ते दार बिजागऱ्यांतून उखडून. लगेच पकडले गेले. त्यानंतर अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारीला गेले. तटाची जाडी निसटण्याच्या दिवशी कुणाच्या कामी आली नाही.

आपल्याकडे बिजागरीचा खरा वैरी पावसाळा. चार महिने झोडपणारा पाऊस आणि खाडीची खारट हवा. गज जिथे भिंतीत शिरतो तिथे पाणी मुरतं, लोखंड गंजून फुगतं, भोवतालचा गिलावा फुटतो. वरून रंगाचा हात मारला की सगळं झकास दिसतं. म्हणून गज नुसता बघून भागत नाही, ठोकून बघावा लागतो. धड गजाचा आवाज खणखणीत, गंजलेल्या किंवा कापलेल्याचा बद्द.

पण दुरुस्ती काढायची म्हणजेच जोखीम. शिडी, बांबू, दोर, पहार: गवंड्याचं सगळं सामान पळून जायच्या कामाचं. कारागृहाची दोन दारं एका वेळी उघडी ठेवत नाहीत. त्यांच्यामध्ये कामगाराची झडती होते, हत्यारं मोजून आत आणि संध्याकाळी मोजून बाहेर. एक छिन्नी कमी भरली तर काम थांबतं. बाहेर चार दिवसांत उरकणारं स्लॅबच्या गळतीचं काम आत रेंगाळतं ते यामुळे, आणि ठेकेदारही इथं यायला फारसे उत्सुक नसतात.

त्याहून मोठी अडचण माणसांच्या गर्दीची. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार एका बराकीत २० जण आणि रात्री १० जणांमागे एक संडास. बराकीत दुप्पट माणसं कोंबली की सांडपाण्याची नळी दुप्पट तुंबते, टाकी निम्म्या वेळात रिकामी होते. तळोज्यातल्या पाणीटंचाईच्या तक्रारी बंद्यांनी न्यायालयापर्यंत नेल्या, तेही इमारत नवी असताना. आणि बराक रिकामी केल्याशिवाय छताला हात लावता येत नाही. रिकामी करून माणसं न्यायची कुठे?

यापुढे महाराष्ट्रात कुठलाही तुरुंग बांधताना आराखड्यात एक बराक केवळ दुरुस्तीच्या काळासाठी राखून ठेवावी आणि गर्दी कितीही वाढली तरी ती भरू नये. त्यापायी तटाची भिंत दोन फूट कमी उंच झाली तरी चालेल.