मेंढीकोटातलं उपडं पान

चिखली, मेहकर, खामगावकडच्या मेंढीकोटप्रेमींनो, आज फक्त बंद हुकमाबद्दल. चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, प्रत्येकाला 13 पानं. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा भिडू हातातलं एक पान उपडं ठेवतो. त्या पानाचा रंग हुकूम, पण तो त्याला एकट्यालाच ठाऊक! जोडीदारालाही खूण करायची नाही.

ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही, तोच हुकूम उघडायला सांगू शकतो. सांगायलाच हवं असं मात्र नाही. दुसरं कुठलंही पान टाकून तो गप्प राहू शकतो. माझ्या मते खरा डाव इथेच रंगतो. हुकूम लवकर उघडला की विरोधकही त्याच हुकमाने तुमची दश्शी (दहाचं पान) कापतात. उघडल्यावर ते पान मालकाच्या हातात परत जातं आणि चालू हातापासूनच हुकूम लागू होतो.

तीन किंवा चार दश्श्या मिळवणारी जोडी जिंकते. दोन-दोन झाल्या तर 13 पैकी किमान 7 हात करणारी. चारही दश्श्या एकीकडे गेल्या की मेंढीकोट!

बारीक नियम गावोगाव बदलतात, म्हणून पानं पिसण्याआधीच ठरवून घ्या. तुमच्याकडे बंद हुकूम खेळतात की उतारीचा रंग नसताना टाकलेल्या पहिल्या पानावरून ठरणारा कट हुकूम?