ज्योतीसोबतच्या गाड्यांचा दिवस

भाद्रपद अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. गावोगावची मंडळं तुळजापूरला भवानीच्या मंदिरात ज्योत पेटवतात आणि धावत गावी आणतात. ज्योत एकाच्या हातात, मागेपुढे मोटारसायकली. भूम तालुक्यातल्या आमच्या ईटपासून तुळजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. यंदा पहिल्यांदाच गाडी घेऊन येणाऱ्या पोरांसाठी हा दिनक्रम.

पहाटे ५
धारा काढून दूध डेअरीवर घालायचं. हा खव्याचा मुलूख आहे, सणावारीही दूध थांबत नाही. कॅन वाहणारी गाडीच संध्याकाळी ज्योतीसोबत असणार, म्हणून कॅनचे हुक आणि दोऱ्या आताच काढून ठेवा.

सकाळी ८
गॅरेज. चेन, पुढचा-मागचा ब्रेक, हवा, मागचा लाल दिवा बघून घ्या. क्लच मात्र मेकॅनिकलाच दाखवा, कारण रात्रभर सगळा ताण त्याच्यावर येतो. धावणाऱ्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्या हळू चालताना इंजिनाला वारा लागत नाही आणि अर्धा क्लच दाबून रेंगाळलं की प्लेटा जळतात.

सकाळी ११
निघायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच माणूस बसतो आणि कलम १२९ प्रमाणे हेल्मेट दोघांनाही लागतं. तिसरा टेम्पोत बसेल. धावणारे अनवाणी असतात, गाडी चालवणाऱ्याने बूट घाला. लायसन्स खिशात, टाकी फुल. पेट्रोलची बाटली कुणीही सोबत घ्यायची नाही. आपल्यासोबत रात्रभर उघडी ज्योत आहे.

दुपारी २
तुळजापूर. गाड्या गावाबाहेर एकाच जागी लावा, किल्ल्या दोघांकडेच ठेवा. नवरात्राआधी देवी मंचकी निद्रेत असते. घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते, म्हणून हे दिवस गर्दीचे. दर्शन झालं की जेवा आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांनी दोन तास झोपा. झोप टाळून बाजारात हिंडणारा पहाटे गाडीवर पेंगतो.

संध्याकाळी ६
"आई राजा उदो उदो" म्हणत ज्योत निघते. पुढे एक गाडी, मग धावणारा, त्याच्या पाठीशी चारही इंडिकेटर चालू ठेवून टेम्पो. बाकीच्या गाड्या दोन किलोमीटर पुढे जातात, रस्त्याखाली उतरून इंजिन बंद करतात आणि पुढच्या धावणाऱ्याला तयार ठेवतात. ज्योत आली की हात बदलतो, दमलेला मागच्या सीटवर बसतो, गाडी पुन्हा पुढचा टप्पा गाठते. असं केलं तर क्लच टिकतो आणि रस्ताही अडत नाही.

रात्री ८.३०
धाराशिव. चारी बाजूंनी इतर मंडळांच्या ज्योती, भोंगे, सायलेन्सर काढलेल्या गाड्या. नव्या पोराचा हात इथंच शिवशिवतो. आवरा. आपल्या एका कटाने कुणाच्या तरी हातातली ज्योत पडू शकते.

रात्री १०.३० ते १
येडशी, मग येरमाळा. धुळे-सोलापूर महामार्गावर रात्रभर ट्रक. सगळ्यात धोक्याचे तास हेच. टेम्पोच्या पाठीमागे कुणी थांबायचं नाही, शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही. मशालीत तेल घालताना धावणाऱ्याला कडेला घ्या आणि गाड्या लांब ठेवा. दर टप्प्याला चालक बदला.

पहाटे ४
भूम. महामार्ग सुटला, घर जवळ आलं, की हात आपोआप ॲक्सिलेटर पिळतो. चहा घ्या, तोंडावर पाणी मारा, माणसं मोजा.

सकाळी ६
ईट. वेशीवर आयाबाया औक्षणाला उभ्या असतात. तिथं गाड्या बंद करायच्या आणि ज्योतीमागे पायी चालायचं. मोटारसायकलीचं काम धावणाऱ्या पोराची पाठ राखायचं होतं, ते झालं.

सकाळी ७
रात्री गाडी चालवलेल्या प्रत्येकाने किल्ली घरच्यांच्या हातात द्यायची. आजचं दूध भावाने किंवा वडिलांनी डेअरीवर न्यावं. जागरणाच्या डोळ्यांनी दुपारपर्यंत हँडलला हात लावायचा नाही.